निळी छत्री आणि प्रश्नचिन्ह

मराठी गद्यात भूछत्रे फार उगवतात. खासगी शिकवण्या, पतसंस्था, साहित्य संमेलने, नवकवी ही सारी मंडळी ‘भूछत्रांसारखी’ उगवल्याचे आपण वर्षानुवर्षे वाचत आलो आहोत. उत्तरपत्रिका तपासताना मी ते दर वर्षी पुन्हा वाचते. उपमेयांची यादी वाढत गेली, उपमान मात्र कोणी वाकून पाहिले असेल असे त्या वाक्यांवरून वाटत नाही. एका रात्रीत येणे, गठ्ठ्याने येणे, फुकट येणे आणि लवकर जाणे, एवढ्यापुरतेच ते आपल्याला हवे असते. बोलीत तर आपण सरळ ‘कुत्र्याची छत्री’ म्हणून मोकळे होतो. कुत्रा जिथे तंगडी वर करतो तिथे ती उगवते, ही त्यामागची समजूत. पांढरी असो, पिवळी असो, उकिरड्यावरची असो की ओंडक्यावरची, नाव एकच. आणि त्या नावात पाहण्यापेक्षा न पाहण्याची सूचनाच अधिक आहे.

मी जिथे शिकवते त्या भागात हे एक नाव पुरतेही. बारामती आणि इंदापूर हे दोन्ही तालुके पर्जन्यछायेतले. वर्षाचा पाऊस सरासरी ५०० मिलिमीटरच्या आसपास. १८८५ साली नीरेचा डावा कालवा आला, पुढे ऊस आला, साखर कारखाने आले, आणि पाण्याखालचे बागायती गाव व पाण्यावाचूनचे जिरायती गाव अशी एकाच तालुक्याची दोन शरीरे झाली. जिरायतीकडे सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य आहे, इंदापुरात कडबनवाडीची माळराने आहेत. तिथे चिंकारा आहे, लांडगा आहे. ‘अरण्य’ म्हटल्यावर मराठी कवितेला जे अभिप्रेत असते ते मात्र नाही. अशा कोरड्या मुलखात वारुळाच्या कडेला पावसानंतर कधी कधी एक पांढुरकी काठी उभी राहते, मिटून ठेवलेल्या छत्रीसारखी. ही छत्री कधी उघडत नाही. आत काळसर भुकटी धरून ती उभ्या उभ्या वाळते. शास्त्रात तिला पोडॅक्सिस म्हणतात. आमच्या मुलांना विचारले तर उत्तर ठरलेले असते.

या दोन तालुक्यांपर्यंत अरण्य येते ते पाण्याच्या रूपाने. भीमाशंकरच्या डोंगरात उगम पावलेली भीमा इंदापूरच्या सीमेवरून वाहते, उजनीच्या फुगवट्यात भिगवण-पळसदेवच्या बाजूला रेंगाळते आणि नीरा नरसिंहपूरला नीरेला भेटते. उजनीचे पाणी पाहत वाढलेल्या मुलांनी त्या पाण्याचे माहेर पाहावे, एवढ्याच साध्या हेतूने आमच्या विभागाची सहल एका श्रावणात भीमाशंकरला गेली. सहलीचे वर्णन करण्यासारखे फारसे काही नाही. पाऊस होता, धुके होते, माकडांनी दोन डबे पळवले आणि शेकरू कोणालाच दिसले नाही.

पळसदेवकडची एक विद्यार्थिनी मात्र गुप्त भीमाशंकरच्या वाटेवर मागे राहिली. ती ओणवी होऊन काहीतरी पाहत होती. कुजलेल्या पानांतून वर आलेली, करंगळीएवढ्या उंचीची, टोकदार टोपीची एक छत्री. रंग निळा. निळा म्हणजे नेमका कोणता, यावर परतीच्या बसमध्ये वाद झाला. आकाशी, मोरपंखी, नीळ जास्त पडलेल्या धोतराचा, असे पर्याय निघाले. शेवटी तिनेच सांगितले, ‘जवसाच्या फुलाचा.’ तिच्या घरची थोडी जिरायत जमीन आहे. वर्गात प्रतिमासृष्टीवर मी घेतलेल्या काही तासांपेक्षा हे एक उत्तर मला अधिक नेमके वाटले.

बस बारामतीत पोचेपर्यंत तिच्या हातात नावही आलेले होते. मोबाइलवर छायाचित्र टाकताच उत्तर आले, ‘एन्टोलोमा हॉकस्टेटेरी’, आणि त्याखाली न्यूझीलंडमधली माहिती. दुसऱ्या दिवशी ती बातमीचा मजकूर घेऊन माझ्याकडे आली. शुद्धलेखन तपासून हवे होते. मथळा होता, ‘न्यूझीलंडची दुर्मिळ निळी छत्री भीमाशंकरच्या जंगलात’.

या नावाची कथा तिच्यामुळेच माझ्या वाचनात आली आणि ती सांगण्यासारखी आहे. फर्डिनांड फॉन हॉकस्टेटर हा भूशास्त्रज्ञ. ‘नोव्हारा’ या ऑस्ट्रियन जहाजाच्या जगप्रवासात तो १८५८ च्या अखेरीस न्यूझीलंडला उतरला, तिथे काही महिने राहिला आणि परतताना खडकांच्या नमुन्यांबरोबर इतरही बरेच काही घेऊन गेला. रायकार्ट नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८६६ मध्ये या निळ्या छत्रीचे वर्णन प्रसिद्ध करून तिला त्याचे नाव दिले; आजच्या ‘एन्टोलोमा’ कुळात तिला १९६२ मध्ये ग्रेटा स्टीव्हन्सन या विदुषीने आणले. तिथल्या पन्नास डॉलरच्या नोटेवर ही छत्री छापलेली आहे. पण नोटेवर ती एकटी नाही, शेजारी कोकाको नावाचा पक्षी आहे. या पक्ष्याच्या चोचीखाली दोन्ही बाजूंना निळे लोलक लोंबतात. माओरी भाषेत या छत्रीचे नाव ‘वेरेवेरे-कोकाको’, म्हणजे कोकाकोचे लोलक. आणि तूहोए लोक सांगतात की कोकाकोने आपला गाल या छत्रीवर घासला म्हणून त्याला तो निळा रंग मिळाला. एकाच वस्तूची ही दोन नावे. एक पाहुण्याचे, एक शेजाऱ्याचे. पाहुण्याचे नाव वस्तूविषयी काहीच सांगत नाही, ते फक्त कोण आले होते ते सांगते. तरी जगात तेच चालते, कारण त्यामागे एक वर्णन, एक नमुना आणि एक तारीख आहे.

मजकूर घेऊन आम्ही वनस्पतिशास्त्र विभागातल्या सहकाऱ्यांकडे गेलो. त्यांनी छायाचित्र मोठे करून पाहिले आणि प्रश्न विचारायला सुरुवात केली. खालच्या बाजूचा फोटो आहे का? नाही. देठाचे बूड? पानांखाली गेलेले. बोटाने दाबल्यावर रंग बदलला का? हात लावला नव्हता. बीजाणूंचा ठसा? तो काय असतो, हेच आम्हाला विचारावे लागले.

छत्रीची ओळख तिच्या वरच्या रंगावरून पक्की होत नाही. वरचा रंग उन्हाने उडतो, पावसाने धुपतो, वयाने बदलतो. टोपीच्या खाली ज्या पातळ उभ्या चुण्या असतात, त्यांवर बीजाणू तयार होतात; देठ कापून टोपी कागदावर पालथी घातली आणि वर वाटी झाकून रात्रभर ठेवली, की ते कागदावर गळून चुण्यांची नक्षी उमटते. हा ठसा पांढरा, गुलाबी, तपकिरी, जांभळट, काळा यांपैकी काहीही असू शकतो, आणि कुळ ठरवताना त्याची साक्ष फार मोलाची असते. एन्टोलोमाचा ठसा गुलाबी असतो. म्हणजे वरून निळी दिसणारी ही वस्तू खरोखरच त्या कुळातली असेल तर कागदावर गुलाबी उतरेल, आणि सूक्ष्मदर्शकाखाली तिचे बीजाणू गोल नव्हे तर कोनदार दिसतील. एवढ्यानेही भागत नाही. निळ्या एन्टोलोमा एकाहून अधिक आहेत. जपानच्या बोनिन बेटांवरून एकोणिसाव्या शतकातच वर्णिलेली एक हाताळली की हिरवट पडते, म्हणून तिचे नावच ‘व्हिरेसन्स’, हिरवी होत जाणारी. भारतातही निळ्या छत्र्या दिसल्याच्या नोंदी आहेत. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या पलीकडे, तेलंगणातल्या कागजनगरच्या जंगलात ती दिसल्याच्या बातम्या अलीकडे आल्या, तेव्हाही न्यूझीलंडचेच नाव पुढे आले. त्यांतली खरी कोणती हे फोटोवरून कसे सांगणार? आजवर सुमारे दीड लाख कवकांना नावे मिळाली आहेत, आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजाप्रमाणे प्रत्यक्षातली संख्या २२ ते ३८ लाख असावी. एवढ्या अनामिकांत आपली निळी नावाचीच निघेल, असे धरून चालण्याला काहीच आधार नाही.

सहकाऱ्यांनी मथळ्यातले नाव खोडले आणि त्या जागी लिहिले, ‘एन्टोलोमा?’. प्रश्नचिन्ह त्यांनी जरा मोठेच काढले.

‘मग परत जाऊन आणूया ना, सर,’ ती म्हणाली. तेही शक्य नव्हते. भीमाशंकर हे १९८५ पासून अभयारण्य आहे, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तिथून परवानगीवाचून काही उचलता येत नाही. परवानगी संशोधकाला मिळते, मराठीच्या विद्यार्थिनीला नव्हे. शिवाय रात्री चमकणाऱ्या मायसीना कुळातल्या बुरशीमुळे तिथल्या वाटा गेल्या काही पावसाळ्यांत पुरेशा तुडवल्या गेल्या आहेत. त्यांत दिवसा दिसणाऱ्या निळीची भर पडली तर काय होईल, हे आम्ही तिघांनीही न बोलता ओळखले. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, ‘मॅडम, नाव नसलं तर बातमी होत नाही.’

हे वाक्य मला पुढे बरेच दिवस पुरले. नाव नसले तर बातमी होत नाही, आणि कविताही होत नाही का? संस्कृत काव्यात पावसाच्या पहिल्या गर्जनेसरशी भूमीतून शिलींध्रे वर येतात. कालिदासाच्या ‘मेघदूता’त मेघाच्या आवाजाने पृथ्वी सुफळ होते, त्याची खूण म्हणून हाच शब्द येतो. हे शिलींध्र म्हणजे कोण? कोश भूछत्राकडे बोट दाखवतात आणि अनेक भाषांतरकारही तोच अर्थ घेतात; मल्लिनाथ मात्र तिथे कंदली असा अर्थ देतो, म्हणजे एक फुलणारी वनस्पती. दोन्ही पावसात येतात, दोन्हींनी श्लोकाचा भाव बिघडत नाही, म्हणून वर्गात आपण ‘पाठभेद नाही, अर्थभेद आहे’ एवढे सांगून पुढच्या श्लोकाकडे वळतो. पण जमिनीतून वर आले ते फूल होते की छत्री, याने काहीच फरक पडत नसेल, तर त्या श्लोकात आपण जमीन पाहतो आहोत की केवळ शब्द, असे मला आता विचारावेसे वाटते.

दुसरा शब्द ‘कवक’. शालेय विज्ञानाच्या पुस्तकांपासून विद्यापीठीय परिभाषेपर्यंत बुरशीवर्गासाठी आपण हाच शब्द वापरतो. हा शब्द आला कुठून? मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात द्विजांना वर्ज्य असलेल्या पदार्थांच्या यादीत लसूण आणि कांदा यांच्या पंगतीत कवके बसलेली आहेत. ज्या शब्दाने एके काळी ‘हे खाऊ नका’ असे बजावले, त्याच शब्दाखाली आज आपण त्यांचा अभ्यास करतो. यात गंमत आहे, आणि एक उत्तरही आहे. लिहिणाऱ्यांच्या ताटात ही वस्तू नव्हती. ताटात नसलेल्या वस्तूंचे बारकावे भाषेत कशाला साठतील? आंब्याला जातीपरत्वे नावे आहेत, भाताला आहेत, ज्वारीला आहेत; भूछत्राला एक उपमा आहे. ज्यांच्या ताटात ती होती त्यांच्याकडे बारकावे असणारच, फक्त ते लिहिले गेले नाहीत, असा माझा तर्क होता.

पुण्यात हे काम शास्त्राच्या अंगाने पुष्कळ झाले आहे, हे इथे नोंदवायला हवे. १९४६ मध्ये शं. पु. आघारकरांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत, म्हणजे आजच्या आघारकर संशोधन संस्थेच्या मातृसंस्थेत, कवकशास्त्राची मोठी परंपरा उभी राहिली. अजरेकरांच्या नावाचा वाळवलेल्या कवकांचा संग्रह तिथे आहे. नैऋत्य भारतातल्या छत्र्यांवरचा ग्रंथ या संस्थेने १९८० मध्ये काढला आणि त्यात महाराष्ट्रातल्या छत्र्यांचे काम साठे व देशपांडे यांचे आहे. मात्र ही सारी वर्णने इंग्रजीत, नावे लॅटिनमध्ये. त्यात वावगे काही नाही, शास्त्राला ते आवश्यकच. प्रश्न आमचा, मराठीवाल्यांचा आहे.

माझ्या तर्काची परीक्षा भाद्रपदात झाली. आमच्या आवारातल्या हिरवळीला कालव्याचे पाणी मिळते. तिथे एका सकाळी ताटलीएवढ्या पांढऱ्या छत्र्या उगवल्या. माथ्यावर तपकिरी खवले, बाकी शुभ्र. वसतिगृहातल्या तीन मुलांनी त्या उपटून पिशवीत भरल्या आणि खोलीवर चोरून ठेवलेल्या शेगडीवर परतायचा बेत केला. हॉटेलात ‘मशरूम मसाला’ दोनशे रुपयांना मिळतो, इथे तर फुकट. जिन्यात त्यांना आमच्या विभागाच्या मावशी भेटल्या. मावशी आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम टोकाच्या, भीमाशंकरच्या पायथ्याकडच्या. लग्नानंतर इकडे आल्या. त्यांनी पिशवीत हात घातला, एक छत्री काढली आणि पहिली गोष्ट केली ती म्हणजे ती उलटी धरली.

‘ह्या निऱ्या बघा,’ त्या म्हणाल्या. आम्ही ज्यांना चुण्या म्हणत होतो त्यांना मावशींनी नऊवारीचा शब्द दिला होता. ‘पांढऱ्या होत्या, आता हिरवट पडाया लागल्यात. आमच्याकडची अळंबी अशी हिरवी पडत नाही. ती वारुळातनं येती. वर ओढली तर खालनं लांब मुळी निघती, पार खोल गेलेली. हिला मुळीच नाही, बूड गड्ड्यासारखं. आन् ही बांगडी बघा, देठावर खालीवर सरकती. टाका हे.’ एक मुलगा म्हणाला, ‘मावशी, सगळी सारखीच तर दिसतात.’ त्यावर मावशी म्हणाल्या, ‘वरनं सगळीच सारखी दिसत्यात.’

त्यातली एक छत्री आम्ही विज्ञान विभागात पोचवली. सहकाऱ्यांनी अर्धा काळा, अर्धा पांढरा असा कागद घेतला, टोपी पालथी घातली, वर काचेचे भांडे झाकले. दुसऱ्या दिवशी सकाळी भांडे उचलले तेव्हा पांढऱ्या अर्ध्यावर मळकट हिरव्या रेषांची एक वर्तुळाकार नक्षी उमटलेली होती. वरून इतकी पांढरी असलेली वस्तू आत हा रंग घेऊन उभी होती. ‘क्लोरोफायलम मॉलिब्डाइटीस’. उष्ण प्रदेशांतल्या हिरवळींवर जगभर सापडणारी, खाल्ल्यास काही तासांत उलट्या-जुलाबांनी बेजार करणारी, आणि खाण्याच्या छत्रीसारखी दिसते म्हणूनच पोटात जाणारी. हिरवा ठसा ही तिची खास खूण. मावशींनी तो ठसा न घेता, निऱ्यांवरच्या नुसत्या झाकोळावरून ओळखला होता. त्यांच्या वारुळातल्या अळंबीचा ठसा गुलाबीसर असतो, हे सहकाऱ्यांनी सांगितले, आणि लगेच जोडले की गुलाबी ठसा म्हणजे निर्धोक असे कोणी समजू नये; एन्टोलोमा कुळातच विषारी जाती आहेत. मुळी, वारूळ, वास, ऋतू हे सगळे जुळले तरच मावशी हात लावतात, आणि तेही त्यांच्या डोंगरात. इथल्या हिरवळीवरचे काहीही त्या खात नाहीत. ‘हितली जमीन माझ्या वळखीची नाही,’ एवढेच त्यांचे कारण.

मी त्यांना नावे विचारली. माझी अपेक्षा होती की आता दहा-वीस अनोखे शब्द निघतील आणि भाषेच्या पोटातला एक दडलेला कोश हाती लागेल. तसे झाले नाही. वारुळाची, ओंडक्याची, शेणाची, मिरगाची. मावशींच्या शब्दांत नावे कमी आणि पत्ते जास्त होते. कुठे आणि केव्हा भेटेल ते सांगणारे. मग विद्यार्थिनीने मोबाइलवर निळी दाखवली. मावशींनी ती लगेच ओळखली, म्हणजे पाहिलेली असल्याचे सांगितले. ‘श्रावणात असती. झाडीत, अंधारात. ही खायाची नाही.’

‘हिला काय म्हणतात?’

‘काय म्हणायचं? तिला कोण हाक मारतंय?’

माझा तर्क इथे अर्धा टिकला, अर्धा कोसळला. न खाणाऱ्यांनी नावे दिली नाहीत हे खरे. पण खाणाऱ्यांनीही फक्त उपयोगाच्या वस्तूला पत्ता दिला आणि नुसत्या सुंदर वस्तूला तसेच सोडले. तूहोए लोकांनी न खाण्याच्या छत्रीला पक्ष्याच्या गळ्याशी जोडले. आपल्याकडे अशी कथा रचली गेली नाही, की रचली गेली आणि विरून गेली, हे मावशींच्या पिढीवरून ठरवता येणार नाही. मात्र एक गोष्ट मला त्या दिवसापासून टोचते आहे. मावशींची आई छत्र्या ओळखायची, मावशी ओळखतात, मावशींची मुलगी बारामतीत वाढली आणि ती ‘मशरूम’ एवढेच म्हणते. जिन्यात त्या सकाळी मावशी भेटल्या नसत्या तर तीन मुले रुग्णालयात असती. हे ज्ञान कुठल्याही अभ्यासक्रमात नाही, मावशींच्या निवृत्तीला पाच वर्षे आहेत, आणि आमच्या विभागाचे बोलीभाषा सर्वेक्षणाचे अर्ज ‘म्हणी, वाक्प्रचार, ओव्या, उखाणे’ एवढ्या चार रकान्यांत संपतात.

विद्यार्थिनीने बातमी पाठवली नाही. त्याऐवजी विभागाच्या भित्तिपत्रकासाठी एक पान तयार केले. वर निळीचा फोटो, खाली, ‘एन्टोलोमा? भीमाशंकर. श्रावण. कुजकी पाने, दाट सावली. उंची करंगळीएवढी. रंग जवसाच्या फुलाचा. खालची बाजू पाहिलेली नाही. ठसा घेतलेला नाही.’ त्या शेजारी हिरव्या ठशाचा कागद जसाच्या तसा डकवला, आणि त्याखाली मावशींचे बोलणे त्यांच्याच शब्दांत, निऱ्या आणि बांगडीसकट, अर्धे पान. मी तिला प्रमाणभाषेत कर म्हणून सांगणार होते, पण ‘हिरवट पडाया लागल्यात’ याला प्रमाणभाषेत काय करायचे हे माझे मलाच सुचेना, म्हणून सांगितले नाही.

अक्षरजुळणी करणाऱ्याने एन्टोलोमापुढचे प्रश्नचिन्ह टंकनदोष समजून काढून टाकले होते. तिने ते पेनाने पुन्हा घातले, आणि अर्ध्या पानाखाली मावशींचे पूर्ण नाव लिहिलेले चालेल का, हे विचारायला खाली त्यांच्याकडे गेली.